काय दिसलं ते सांगा

मुलांच्या वॉर्डात बाप टिकत नाही. सकाळी येतो, डबा ठेवतो, पोराच्या कपाळाला हात लावतो, 'ताप कमी वाटतो गं' असं स्वतःच ठरवून टाकतो आणि कामाला निघून जातो. मागे उरते आई. धुळ्याच्या त्या वॉर्डात मी एकटा बाप होतो आणि मला निघता येत नव्हतं, कारण बायको देवपूरला घरी बाळंतीण होती. बाळाला सव्वा महिनाही झालेला नव्हता आणि माझी आई त्या दोघांना सांभाळत होती. अशात नऊ वर्षांच्या थोरलीला ताप चढला, गल्लीतल्या डॉक्टरांच्या औषधाने उतरेना, आणि तिला घेऊन दवाखान्यात राहायला मीच उरलो.

वॉर्डाला लोखंडी सरकतं गेट होतं. एका पेशंटमागे एक माणूस, एक पास. एकदा बाहेर पडलात की आत यायला गेटवरच्या मावशींची मिनतवारी करावी लागे, आणि मावशींना मुळात माझं तिथे असणंच मंजूर नव्हतं. आजूबाजूला सगळ्या अंगावर पाजणाऱ्या बायका. पहिल्याच सकाळी मावशींनी माझं स्टूल उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही असे बसा. बायांना संकोच होतो." त्यांचं काही चूक नव्हतं. पण डाव्या हाताला तापाने फणफणलेली लेक, समोर पोपडे आलेली निळी भिंत आणि पाठीमागे रडणारी, खोकणारी, दूध पिणारी पोरं, असा मी दिवसच्या दिवस बसून राहिलो. मान वळवायची तर डावीकडेच.

मी सोलर इन्व्हर्टर डिझाइन करतो. एमआयडीसीत आमची छोटीशी कंपनी आहे. छतावरच्या पॅनेलमधून येणारी वीज घरातल्या पंख्याला जशीच्या तशी चालत नाही, ती चालेल अशी करून देणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. लोकांना त्यातली एक गोष्ट काही केल्या पटत नाही आणि त्यावरून ते मला लग्नाकार्यात गाठून धरतात. बाहेरची लाइट गेली की आमची ही पेटीही बंद पडते. भर उन्हात, वर पॅनेल तापून निघत असताना. ती तशी मुद्दामच केलेली असते, कारण आमची वीज उलटी तारेत शिरली तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. त्यामुळे डोक्यावर ऊन रणरणत असलं तरी पेटी बिचारी लाइट यायची वाट बघत बसते. त्या स्टुलावर मला ती फार आठवली. अंगात ताकद होती, डोकं चालू होतं, पण करण्यासारखं काहीच नव्हतं.

या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होते, आणि त्यांना शिकवायला मॅडम. साठीच्या पुढच्या, किडकिडीत, पायात रबरी चपला, हातात टॉर्च. सकाळी राउंडला आल्या की मागे या पोरांचा घोळका असायचा. मॅडमचा एक नियम होता. पलंगाशी उभं राहून कुणी "मॅडम, टायफॉइड वाटतोय" म्हणालं की त्या टॉर्चचा झोत दाराकडे टाकायच्या. तो डॉक्टर निमूटपणे बाहेर जाऊन उभा राहायचा. "काय वाटतं ते घरी जाऊन सांग," असं त्या त्याला जाता जाता ऐकवायच्या. "इथे काय दिसलं ते सांग. आधी मला सांग, मग आजार ठरवू, आईबापांशी त्यानंतर बोलू."

पहिल्या दिवशी मला ते बघायला मजा आली. चांगले दाढी-मिशा आलेले डॉक्टर शाळेतल्या पोरांसारखे दाराबाहेर उभे. दुसऱ्या दिवसापासून मजा संपली, कारण मॅडम एकेकाला माझ्या लेकीकडे पाठवू लागल्या. "कडेच्या पलंगावरची मुलगी नीट बघून ये." एक गेला की दुसरा हजर. पोट दाब, मान वाकव, जीभ बघ, डोळ्यांखालची पापणी ओढ. प्रश्नही तेच. ताप कधी आला, थंडी वाजली का, बाहेरचं काही खाल्लं का. ती पोळ्याला यावलला मामाकडे गेली होती, तिथे केळीच्या बागेत दिवसभर हुंदडली, हे मी इतक्यांदा सांगितलं की सांगताना मलाच माझा वीट यायला लागला. लेक तर एका उंच डॉक्टरला म्हणाली, "सकाळी तुम्हीच दाबलं होतं ना पोट? तेच आहे आत्तापण."

तिचं लाजण्याचं वय. सदरा वर करायलाही ती कुरकुरायची, आणि मी तिच्या बाजूने उभा राहायचो. सदऱ्याची कड मीच धरायचो, पोट दिसेल इतकीच. लेगिंगच्या वर सगळं बघा, खाली काही नाही. इंजिनिअर म्हणून ती पोरं मला 'सर' म्हणायची, आणि सर म्हणाले बस, की बस. त्यात तिच्या कमरेला यावलच्या आजीने नजर लागू नये म्हणून काळा करदोडा बांधला होता आणि कुणालाही त्याला हात लावू द्यायचा नाही असं बजावलं होतं. आमची लेक माझं ऐकत नाही, आजीचं मात्र अक्षर न् अक्षर ऐकते.

ताप उतरत नव्हता. रक्तातल्या पेशी कमी होत चालल्या होत्या. चेहरा सुजला, डोळे लाल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम उठून बसली आणि म्हणाली, "पप्पा, भिंत जवळ येतेय." मी म्हटलं, भिंत कशी जवळ येईल? तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे बघतात. मला तिने ओळखलंच नाही. मी घाबरलो. साध्या भाषेत सांगायचं तर ही आता मरणार असं मला वाटलं, आणि ते कुणाला सांगायचं हे कळेना. बायकोला सांगावं तर ती ओली बाळंतीण. आईला सांगावं तर ती बायकोला सांगणार. मी दोघींना फोनवर "बरी आहे, झोपलीय" असं सांगून भिंतीकडे बघत बसलो.

मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, कशाची वाट बघताय? नाशिकला हलवा." हलवायचं तर एवढ्या तापात, सलाइन लावलेली पोर गाडीत घालून घाट ओलांडायचा आणि वाटेत काही झालं तर? नाही हलवायचं आणि इथेच काही झालं तर? इकडे आड, तिकडे विहीर. संध्याकाळी मॅडम एकट्याच वॉर्डातून चालल्या होत्या, त्यांना मी उभं राहून विचारलं, "मॅडम, हिला झालंय तरी काय?"

"औषध चालू आहे," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. पण कशावर चालू आहे? नाशिकला नेऊ का?"

"न्यायचं असेल तर अडवणार नाही. पण मला विचाराल तर थांबा." मग त्या चक्क लेकीच्या पायाशी पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही काय करता, इंजिनिअर साहेब?"

माझ्याशी कुणी माझ्याबद्दल बोलून किती वेळ झाला होता कोण जाणे. मी सुटलोच. इन्व्हर्टरचं सांगितलं, आणि मग माझी पोरांना शिकवायची खास पद्धतही सांगितली. ती सांगताना मला नेहमीच अभिमान वाटायचा. कंपनीत नवा इंजिनिअर आला की मी त्याला एक बोर्ड देतो. बोर्ड चांगला असतो, पण बाहेरची लाइट आहे की नाही हे ओळखणारी त्यातली तार मी आधीच आतून कापून ठेवलेली असते. मग लाइट असूनही बोर्डाला वाटतं की नाही, आणि तो ठप्प. पोराला काहीच सांगायचं नाही. त्याने शोधायचं.

"आणि सापडत नाही तोवर?" मॅडमनी विचारलं.

"तोवर बसतो बिचारा. एकाने तर दिवसभर डबा उघडला नव्हता. त्याला वाटलं, आपणच जाळला बोर्ड, आता नोकरी गेली."

"तुम्हाला दिसत होतं ते?"

"दिसणारच. मी शेजारच्या टेबलावर तर होतो. पण सांगितलं असतं तर तो शिकला असता का? आज माझा उजवा हात आहे तो."

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "बरोबर आहे," असं म्हणून उठल्या, लेकीच्या कपाळाला हात लावला आणि चपला फटफटवत गेल्या. मला बरं वाटलं. एवढी मोठी डॉक्टर आपल्याला बरोबर म्हणते म्हणजे काही तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ डॉक्टरांमधली एक मुलगी आली. साक्रीकडची होती, फोनवर आईशी अहिराणीत बोलायची आणि वॉर्डात आल्यावर चटकन शुद्ध मराठीत यायची. ती म्हणाली, "काका, तुम्ही चहा पिऊन या. मी हिचं अंग पुसून घेते." तिने मला सर म्हटलं नाही याचंच मला इतकं बरं वाटलं की मी उठलो. मावशींनीही त्या दिवशी काही न बोलता गेट सरकवलं. माझा अवतार बघून त्यांना दया आली असावी.

चहा घेऊन परत आलो तर कडेच्या पलंगाभोवती हिरवा पडदा लागलेला. सगळे शिकाऊ डॉक्टर तिकडे, मॅडम तिकडे. पलंगाभोवती असा पडदा लावून सगळे कधी जमतात ते मला एव्हाना कळलं होतं, पहिल्याच रात्री एका पलंगावरचं पोर गेलं, तेव्हा बघितलं होतं. मी गेटची सळई धरून उभा राहिलो. पुढे जाववेना, मागे तर जायचंच नव्हतं. मावशी "भाऊ, भाऊ" म्हणत होत्या ते दुरून ऐकू येत होतं. तेवढ्यात पडद्याआडून लेकीचा चिडका आवाज आला, "करदोडा कापायचा नाही हं! आजी रागवेल!"

मी धावत पडद्याशी गेलो. मॅडम त्या साक्रीच्या मुलीला विचारत होत्या, "काय दिसलं?"

"मॅडम, कमरेला मागच्या बाजूला, करदोड्याखाली एक काळी खपली दिसली. उदबत्तीचा चटका बसल्यासारखी. भोवती लाल आहे. दाबली तरी तिला दुखत नाही." तिने बोटाने जागा दाखवली. "ही केळीच्या बागेत, गवतात खेळली होती. गवतातला बारीक किडा चावला की अशी खपली धरते. मॅडम, स्क्रब टायफस."

टॉर्च दाराकडे वळला नाही. "आता सगळ्यांनी बघा," मॅडम म्हणाल्या. "अशी खपली काखेत असते, कानामागे असते, जिथे कपडा काचतो तिथे असते. पोर उघडं करून बघितल्याशिवाय सापडत नाही."

उंच डॉक्टरने विचारलं, "मग मॅडम, औषध बदलायचं ना?"

"नाही. पहिल्या संध्याकाळपासून तेच चालू आहे. तुम्ही सगळे ते टायफॉइडचं समजून बसलात. ते यालाही चालतं."

मला ते वाक्य आत शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. मी पडदा ओढला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पहिल्या दिवशी तुम्ही खाली नाव नोंदवत होतात, तेव्हा मी तिला तपासलं. खपली तेव्हाच दिसली."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी इथे या भिंतीकडे बघून... मी तिला नाशिकला नेऊ का विचारत होतो तुम्हाला! ती मरेल असं वाटत होतं मला!" माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला मुळीच इच्छा नव्हती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचा चेहरा बदलला असता. ही पोरं पेशंट नंतर बघतात, आधी आईबापाचा चेहरा वाचतात. तुमचा जीव भांड्यात पडलेला दिसला असता तर यांनी शोधणं सोडलं असतं. उद्या यांतला एक यावलला बसेल, एक शिंदखेड्याला. तिथे टॉर्च धरायला मी नसेन." मग म्हणाल्या, "आणि ही पद्धत तुम्हाला मान्य आहे असं काल तुम्हीच म्हणालात."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मी म्हटलं, "मॅडम, बोर्डाला बाप नसतो."

त्यांनी टॉर्च बंद केला. "नसतो," म्हणाल्या, आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

त्या संध्याकाळी लेकीचा ताप उतरायला लागला. तिने पेज मागितली, मग आजीच्या हातची खिचडी मागितली, मग मोबाइल मागितला. मी घरी फोन करून खरं खरं सांगितलं आणि बायको फोनवर रडली, तेव्हा लेक किती आजारी आहे ते तिने आधीच ओळखलं होतं हे मला समजलं. घरात मला सोडून सगळे हुशार आहेत. माझा राग मात्र उतरला नाही. जिने लेक वाचवली तिच्यावर रागवायचं तरी कसं, आणि रागवायचं नाही तर या दोन दिवसांचं करायचं काय? मला आधी विचारलं असतं, 'साहेब, तुमच्या मुलीवरून ही पोरं शिकू देत का, तुम्ही तेवढं काळजीत राहा,' तर मी साफ नाही म्हटलं असतं. हे मॅडमना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला मी त्यांना नमस्कारही केला नाही. स्टूल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. आता मावशींनी सांगायचीही गरज उरली नव्हती.

दुपारी शेजारच्या पलंगावर शिंदखेड्याकडची एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नवऱ्याने पिशवी गेटवरच दिली आणि तो गेला. पोर तापाने निपचित पडलेलं. थोड्या वेळाने ती पाठीमागून मला म्हणाली, "भाऊ, तुम्हनी पोरले काय व्हयनं व्हतं?" मी मान न वळवता सांगितलं की ताप होता, आता उतरला. "मन्हा पोऱ्या डोयाच उघाडत नही," ती म्हणाली, आणि मग बोलली नाही. ते न बोलणं माझ्या ओळखीचं होतं.

शिकाऊ डॉक्टर आले. मी भिंतीकडे बघत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी फक्त ऐकलं. या वेळी ताप कधी आला, थंडी वाजली का, हे नंतर. आधी सदरा काढला, चड्डी काढली, कानामागे बघितलं, काखा बघितल्या. पोर कळवळून रडायला लागलं. उंच डॉक्टर हळूच म्हणाला, "काखेत. हे बघ." मला कळलं, यांना सापडलं. आता हे नियमाप्रमाणे आधी मॅडमना शोधायला जाणार, आणि ही बाई इथे पोराकडे बघत बसणार.

"काय सापडनं?" ती विचारत होती. "माले सांगा ना कोनी. काय शे मन्हा पोऱ्याले?"

रबरी चपलांची फटफट वॉर्डाच्या त्या टोकापासून जवळ येत होती. मॅडम येईपर्यंत ती पोरं थांबणार, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात साक्रीच्या त्या मुलीचा आवाज आला. वॉर्डातला नाही, फोनवर आईशी बोलतानाचा.

"ताई, घाबरू नका. तुम्हना पोऱ्याले काय शे ते आमले सापडनं. तेन्हावर औषध शे. आतेच चालू करतस. तो बरा व्हई जाई."

चपला तिच्या मागेच येऊन थांबल्या होत्या. मॅडमनी सगळं ऐकलं असणार. काय दिसलं ते मॅडमना सांगायच्या आत तिने पोराच्या आईला सांगून टाकलं होतं. मी टॉर्चच्या बटणाचा आवाज यायची वाट बघितली, कुणीतरी दाराबाहेर जायची वाट बघितली. कुणी गेलं नाही. मॅडमनी त्या बाईला हवं तेवढं मोठ्याने रडू दिलं. ती रडायची थांबल्यावर मग त्यांनी विचारलं, "हं, काय दिसलं?"

माझ्यासमोरची निळी भिंत मला दिसेनाशी झाली. मी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, पण ते काही थांबेनात. लेक उशीला टेकून बसली होती. तिने माझी बाही ओढली.

"पप्पा, तुम्ही का रडताय? तो बरा होणार आहे. त्या ताईंनी सांगितलं ना त्याच्या आईला. तुम्ही ऐकलं नाही का?"

"ऐकलं," मी म्हटलं.